अपुऱ्या ज्ञानाचा धर्म

न्यायशास्त्राच्या पाठशाळेत पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्यापुढे आरंभीच एक डोंगर उभा केला जातो, आणि त्या डोंगरावर धूर दिसतो त्याअर्थी तेथे अग्नी असलाच पाहिजे, ही गोष्ट त्याच्या गळी इतक्या परींनी उतरविली जाते की, पुढे आयुष्यभर डोंगर म्हटला म्हणजे झाडेझुडपे आणि पाखरे आठवण्यापूर्वी त्याला हेतू, साध्य आणि व्याप्ती यांचीच आठवण व्हावी. शतकानुशतके हा डोंगर असा धुमसत राहिला आहे. परंतु त्याच्या उतारावर कोणाची घरे आहेत काय, आणि असल्यास त्या घरांतील माणसांना अग्नी सिद्ध झाल्याची वर्दी कोणी द्यावयाची, याची विचारपूस करण्याचे शास्त्रकारांना कारण पडले नाही. अग्नी सिद्ध झाला की वाद मिटला. आता अशी कल्पना करावी की, अग्नी डोंगरावर नसून भूमीच्या पोटात आहे, धूर आजच निघालेला नसून दोन हजार वर्षे निघतो आहे, आणि त्या भूमीवर लाखो माणसे संसार थाटून बसली आहेत. म्हणजे मग अनुमानाचे काम जेथे संपते तेथेच खरा पेच सुरू होतो. काहीतरी घडू शकेल एवढेच ज्याला कळले आहे, केव्हा आणि किती हे ज्याला कळलेले नाही, त्याचा धर्म कोणता? ज्ञान पुरे असेल तर सांगावे आणि मुळीच नसेल तर मौन धरावे, हे सांगावयास ऋषी लागत नाही. अडचण सगळी अपुऱ्या ज्ञानाची आहे, आणि मनुष्याच्या वाट्याला बहुधा तेच येते.

वरची कल्पना हवेतली नाही. इटलीतील नेपल्स शहराच्या पश्चिमेस काम्पी फ्लेग्रेई नावाचा मुलूख आहे. ज्वालामुखी म्हटला म्हणजे निमुळते शिखर डोळ्यांपुढे येते. येथे शिखर मुळी नाहीच. सुमारे ३९ हजार वर्षांपूर्वीच्या एका महाभयंकर उद्रेकात भूगर्भातील शिलारसाचा साठा रिता झाला, त्यावरचे छप्पर आत खचले, आणि बारा ते पंधरा किलोमीटर व्यासाचा जो खोलगट प्रदेश मागे राहिला, ज्याला भूशास्त्रज्ञ कॅल्डेरा म्हणतात, त्यातच आज पोझ्झुओली हे शहर आणि नेपल्सची काही उपनगरे वसली आहेत. अतिधोक्याच्या पट्ट्यात राहणाऱ्यांची संख्या पाच लाखांच्या घरात जाते. पोझ्झुओलीत एका रोमन बाजारपेठेचे अवशेष आहेत, जे पूर्वी लोक सेरापिस देवाचे मंदिर समजत, आणि त्या अवशेषांत संगमरवराचे तीन खांब उभे असून त्यांना माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर समुद्रातील शिंपल्यांनी पोखरलेली छिद्रे आहेत. चार्ल्स लायेल या भूशास्त्रज्ञाने १८३० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथाच्या दर्शनी पानावर याच खांबांचे चित्र छापले होते. आमच्या बेळगाव जिल्ह्यात हिडकलच्या जलाशयात हुन्नूरचे विठ्ठलमंदिर बुडालेले आहे. पाणी ओसरले म्हणजे ते वर येते, भाविक दर्शनाला जातात, आणि घटप्रभा भरली की विठोबा पुन्हा जलसमाधी घेतो. मात्र हिडकलला देऊळ जागच्या जागी असते आणि पाणी चढते-उतरते. पोझ्झुओलीला समुद्र जागच्या जागी असतो आणि जमीनच चढते-उतरते. ज्या भूमीला आपण धरा, स्थिरा, अचला अशा नावांनी आळवितो, ती तेथे दर पिढीला आपला शब्द फिरविते.

१५३८ च्या सप्टेंबरअखेरीस तेथे आठवडाभरात एक नवा डोंगर उभा राहिला. त्यानंतर उद्रेक असा झालेला नाही. पण १९८२ ते १९८४ या काळात जमीन सुमारे १.८ मीटर वर आली, बंदर इतके उथळ झाले की होड्या धक्क्याला लागेनात, भूमीचे लहानमोठे कंप रोजचे झाले, आणि सुमारे चाळीस हजार माणसांना घरे सोडावी लागली. एवढे होऊनही अग्नी वर आला नाही. जमीन हळूहळू खाली बसली. २००५ पासून पुन्हा चढू लागली ती आता एक मीटरहून अधिक चढली आहे. २०१२ पासून तेथे खबरदारीचा पिवळा दर्जा जारी आहे. आणि २०२४ च्या मे महिन्यात ४.४ क्षमतेचा धक्का बसला तेव्हा कित्येकांनी रात्र उघड्यावर काढली. १८४१ साली स्थापन झालेली व्हेसुव्हियसची वेधशाळा, जी ज्वालामुखीवर नजर ठेवणारी जगातील पहिली संस्था, ती या भूमीचा अहोरात्र पहारा करते: कंपांची नोंद, उपग्रहांकरवी जमिनीच्या उंचीचे मोजमाप, भेगांतून निघणाऱ्या वायूंचे प्रमाण आणि तपमान. गाभण म्हैस दिवसांत आली म्हणजे आमच्याकडचा शेतकरी गोठ्यातच अंथरूण टाकतो. कास भरली आहे, लक्षणे सगळी ओळखीची आहेत, घटका तेवढी ठाऊक नसते. परंतु त्या शेतकऱ्याजवळ एक खात्री असते की, आज ना उद्या म्हैस विणारच. वेधशाळेत जागणाऱ्या माणसाजवळ तीही नाही. त्याने आयुष्यभर जागावे, निवृत्त व्हावे, आणि काहीच घडू नये, हेही शक्य आहे. किंबहुना तसेच व्हावे अशीच त्याची प्रार्थना असली पाहिजे.

आमच्या भागातला अग्नी विझून सुमारे साडेसहा कोटी वर्षे झाली. पाच लाख चौरस किलोमीटरांवर पसरलेल्या दख्खनच्या लाव्ह्याची दक्षिण सीमा बेळगाव जिल्ह्यातूनच जाते. निपाणीच्या ज्या काळ्या जमिनीत तंबाखू पिकतो ती त्या लाव्ह्याचीच माती, आणि गोकाकला घटप्रभा ज्या कड्यावरून उडी घेते तो मात्र त्याहून कितीतरी प्राचीन वालुकाश्माचा. म्हणजे या सीमाभागाला राजकीय सीमेखेरीज दुसरीही एक सीमा आहे, आणि तिच्याविषयी कोणाची तक्रार नाही. हा सगळा दक्षिणेचा खडक अढळ आहे, हिमालयाने काय हलायचे ते हलावे, येथे काही व्हायचे नाही, असे शास्त्रज्ञ सांगत होते आणि आम्ही सुखाने ऐकत होतो. मग ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी, निपाणीहून सरळ रेषेत सुमारे सव्वाशे किलोमीटरांवर असलेल्या कोयनानगरला ६.३ क्षमतेचा भूकंप झाला. सुमारे दोनशे माणसे गेली, हजारो घरे पडली, धरणाच्या भिंतीला तडे गेले, मुंबईची वीज बंद पडली, आणि धक्का बेळगाव-गोव्यापर्यंत जाणवला. त्याच वर्षी महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावरील महाजन आयोगाचा अहवाल आला होता. तेव्हा १९६७ साली सीमाभागाला दोन हादरे बसले असे म्हणण्यास हरकत नाही, त्यांपैकी एकाचे पंचनामे पुरे झाले आणि दुसऱ्याचा दावा अजून न्यायालयात पडून आहे.

कोयनेला ज्वालामुखी नाही. परंतु अस्वस्थ भूमी, तिच्या अंगावर वसलेली गावे, आणि तिच्यावर लावलेला पहारा, या तिन्ही गोष्टी तेथे आहेत. शिवाजीसागर जलाशयात १९६२ पासून पाणी साठू लागले, त्यानंतर लौकरच जमीन गुरगुरू लागली. १९६७ नंतर आजवर पाच किंवा त्याहून अधिक क्षमतेचे वीसाहून अधिक धक्के बसले आहेत आणि लहान धक्क्यांची तर हजारोंनी नोंद आहे. पुढे वारणेचे धरण भरले, तसा १९९३ पासून या कंपांचा रोख दक्षिणेकडे सरकला. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तेथे अनेक वर्षे यंत्रे मांडली. केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाने कऱ्हाडला एक स्वतंत्र प्रयोगशाळाच उभी केली, आणि गोठणे येथे तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेतले, त्यात सुमारे सव्वा किलोमीटर लाव्ह्याचे थर ओलांडल्यावर खाली अतिप्राचीन ग्रॅनाइट लागला. कंप जेथे उद्भवतात त्या खोलीच्या दिशेने जाऊन भूमीच्या नाडीवर बोट ठेवण्याचा हा प्रयत्न, असा प्रयत्न जगात फार थोड्या ठिकाणी झाला आहे.

आता नैयायिकाला येथे बोलाविले पाहिजे, कारण त्याच्याजवळ या प्रसंगाला उपयोगी अशी एक बारीक वस्तू आहे. धुरावरून अग्नी निश्चित होतो, पण अग्नीवरून धूर निश्चित होत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. अग्नीपासून धूर निघण्यासाठी ओल्या सर्पणाचा संयोग लागतो, आणि या संयोगाला शास्त्रकार उपाधी म्हणतात. ही उपाधी ध्यानात न घेता जो अनुमान करील त्याचा हेतू व्यभिचारी ठरतो. कोयनेच्या खडकात ताण होताच. त्या ताणापासून कंप उत्पन्न होण्याला पाण्याचा संयोग मिळाला. इतके शब्दशः शास्त्राला अनुसरून भूगर्भाने वागावे याचे आम्हाला नेहमी कौतुक वाटते. हर्ष गुप्ता या भूभौतिकीतज्ज्ञांनी १९८० नंतरच्या दशकात असे निदर्शनास आणले की, जलाशयाची पातळी आठवड्यात बारा मीटरांहून अधिक वेगाने चढू लागली की मोठ्या धक्क्याची परिस्थिती तयार होते. मात्र ती अट आवश्यक असली तरी पुरेशी नाही, म्हणजे पाणी वेगाने चढले आणि तरीही काही झाले नाही असेही घडते. वेदगंगेचे पाणी गढूळ होऊन यमगर्णीच्या पुलाकडे चढू लागले म्हणजे घाटमाथ्यावर पाऊस झाला, हे निपाणीचे शेंबडे पोरही जाणते, आणि कार्यावरून कारणाकडे जाणारे ते अनुमान सहसा चुकत नाही. उलट, आकाशात मेघ दाटले म्हणून आता पाऊस पडेल, हे कारणावरून कार्याकडे जाणारे अनुमान किती वेळा फसते, हे शेतकऱ्याला विचारावे. पहारेकऱ्याचे दुर्दैव असे की, त्याला सदैव या दुसऱ्याच वाटेने चालावे लागते.

कोयनेने एका जुन्या धार्मिक वादाला जी कलाटणी दिली तिच्याकडे मात्र आमच्या कीर्तनकारांचे आणि प्रवचनकारांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. आपत्ती ही दैवाची करणी की मनुष्याच्या कर्माचे फळ? १९३४ च्या जानेवारीत बिहारात भूकंप झाला तेव्हा, अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेली ही शिक्षा होय, असे गांधीजी म्हणाले, आणि रवींद्रनाथांनी त्याचा जाहीर प्रतिवाद केला. ज्या गांधीजींनी १९२४ साली बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षस्थान भूषविले, आणि ज्या अधिवेशनासाठी खोदलेली विहीर टिळकवाडीत अजून दाखविली जाते, त्यांच्या या मताची आमच्या गावाने केवळ थट्टा करणे बरे नव्हे. आपत्तीच्या वेळी दुसऱ्याकडे बोट न दाखविता स्वतःच्या समाजाचे अंतःकरण चाचपावे, ही त्या मतामागची प्रेरणा थोर होती. परंतु त्या न्यायाने भिंतीखाली सापडलेले मूल कोणत्या पापाचे धनी, या प्रश्नाला उत्तर उरत नाही. आणि ज्यांच्यावर अस्पृश्यतेचा अन्याय झाला त्यांचीही घरे त्याच दिवशी पडली असणार, हे तर उघडच आहे. रवींद्रनाथांचा आक्षेप योग्य होता: निसर्गाच्या हालचालींना नीतीच्या वहीत जमाखर्च नसतो.

कोयनेत मात्र कर्म खरोखरच होते. पाप नव्हे, कर्म. योगवासिष्ठाच्या मुमुक्षुप्रकरणात वसिष्ठ रामाला सांगतात की, दैव म्हणून निराळी वस्तू नाही, पूर्वी केलेल्या पुरुषार्थाचेच ते परिपक्व रूप होय, आणि कालचा पुरुषार्थ आजच्या पुरुषार्थाने जिंकता येतो. या वचनाकडे आम्ही वर्षानुवर्षे आळशी माणसाला कामाला लावण्याची एक युक्ती म्हणून पाहत आलो. पण महाराष्ट्राला वीज मिळावी म्हणून हजारो मजुरांनी आणि अभियंत्यांनी जो पुरुषार्थ केला, ज्यासाठी खोऱ्यातल्या कित्येक गावांनी आपल्या शेतीवाडीवर पाणी सोडले, तोच पुरुषार्थ पाच वर्षांत कोयनानगरच्या झोपलेल्या माणसांच्या दारी दैव होऊन उभा राहिला. खडकात युगानुयुगे साठलेला ताण हे संचित, आणि त्यावर आम्ही चढविलेले पाणी हे क्रियमाण, असे म्हणता येईल. ही संगती फार ताणू नये हे खरे, तरी एवढे तिच्यातून निघतेच की, दैव आणि कर्म यांच्यामध्ये जी भिंत आम्ही बांधून ठेवली आहे तिला कोयनेच्या धरणासारखेच तडे गेलेले आहेत. आणि दैवाचा काही अंश जर आमच्याच हातून घडलेला असेल, तर त्याच्यावर नजर ठेवणे ही केवळ शास्त्रीय हौस राहत नाही. ते एक ऋण ठरते. पोझ्झुओलीच्या लोकांना निदान असे म्हणता येते की, अग्नी आम्ही आणला नाही. आम्हाला तेवढीही सवलत नाही.

भविष्य जाणण्याची दुसरी एक रीत आमच्या अगदी उंबऱ्याशी आहे. निपाणी तालुक्यातील कुर्ली-आप्पाचीवाडी येथे हालसिद्धनाथांच्या यात्रेत दरवर्षी भाकणूक होते. पाऊसपाणी, पिके, दरदाम, रोगराई, राजकारण यांविषयी नाथांच्या नावाने जे बोलले जाते ते ऐकावयास दोन्ही राज्यांतून लोक लोटतात, भंडारा उधळला जातो, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांतून ते छापूनही येते. सुशिक्षित मनुष्य भाकणुकीचा विषय निघाला की ओठ मुडपतो. आम्हाला ते पटत नाही. तिथे जमलेला शेतकरी काही भोळा नव्हे. ऐकलेल्या शब्दांपैकी काय घ्यावे आणि काय सोडावे हे त्याला कळते, आणि भाकणूक चुकली म्हणून कोणी फिर्याद घेऊन कचेरीत गेल्याचे ऐकिवात नाही. पुढचे वर्ष आपल्या मुठीत नाही, हे सर्वांनी मिळून, मोठ्याने, देवासमोर मान्य करण्याचा तो एक संस्कार आहे. योगायोग असा की, काम्पी फ्लेग्रेईच्या काठावरही अशीच एक जागा आहे. त्या कॅल्डेराच्या पश्चिम अंगाला कुमे येथे प्राचीन काळी सिबिल नावाची देवर्षीण भविष्य सांगत असे, आणि तिने आपली वचने झाडाच्या पानांवर लिहावी, गुहेचे दार उघडताच ती वाऱ्याने उधळून जावी, व तिने ती पुन्हा जुळविण्याची तसदी घेऊ नये, असे व्हर्जिल कवीने वर्णन केले आहे.

वेधशाळेतल्या माणसाला आपली पाने उधळू देता येत नाहीत. त्याने जे सांगितले ते तारीख-वेळेनिशी दप्तरात राहते, आणि घडले तरी, न घडले तरी, त्याला त्याचा जाब द्यावा लागतो. देवर्षीण निश्चयाने बोलते आणि उत्तरदायी नसते. वेधकार संशयाने बोलतो आणि उत्तरदायी असतो. या दोघांत लोकांना पहिलीचे बोलणे अधिक धीराचे वाटावे, यात नवल नाही. संशय हा गौतमाने आपल्या सोळा पदार्थांत मोजला आहे, म्हणजे तो ज्ञानाच्या घरातला आहे, अज्ञानाच्या नव्हे. परंतु चावडीवर किंवा बाजारात हे कोणाला पटवून द्यावे? आम्हाला निपाणीजवळच्या तवंदी घाटाची येथे आठवण होते. घाटात स्तवनिधी हे जैनांचे तीर्थ आहे, तेथे पार्श्वनाथाबरोबर क्षेत्रपाल ब्रह्मदेवाचीही मोठी मान्यता आहे, आणि आसपासच्या गावांतील जैन शेतकऱ्यांची तेथे नित्य ये-जा असते. एका अपेक्षेने आहे, एका अपेक्षेने नाही, एका अपेक्षेने सांगता येत नाही, अशा सात भंगांनी सत्याला वेढणारा स्याद्वाद हे ज्या धर्माचे तत्त्वज्ञान, त्यानेच आपल्या तीर्थात राखणदार देवाला जागा द्यावी, ही जोडी आम्हाला फार अर्थपूर्ण वाटते. शंकराचार्यांनी स्याद्वादावर असा आक्षेप घेतला की, अशा अनिश्चित उपदेशाने मनुष्याने प्रवृत्त तरी कसे व्हावे? आक्षेप मोक्षाच्या बाबतीत खरा असेल. परंतु इटलीतल्या सरकारने ज्वालामुखीसाठी जे हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल असे चार दर्जे केले आहेत, ते दुसरे काय आहे? अनिश्चित ज्ञानाने मनुष्याने कितपत प्रवृत्त व्हावे, याचेच ते कोष्टक होय. पिवळ्या रंगात कोणी गाव सोडीत नाही आणि कोणी निर्धास्तही झोपत नाही.

न फळलेला इशारा हा असत्य असतो काय, हा या विषयातला सर्वांत नाजूक प्रश्न. तराजूच्या दुसऱ्या पारड्यात अश्वत्थाम्याची गोष्ट घालून पाहावी. युधिष्ठिराने द्रोणाचार्यांना जे सांगितले त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखर मेला होता. तरी त्या क्षणी, तोवर भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा धर्मराजाचा रथ जमिनीला टेकला. म्हणजे सत्य हे वाक्य आणि वस्तुस्थिती यांच्या मेळावर अवलंबून नसून, बोलणाऱ्याला जे ठाऊक आहे ते ऐकणाऱ्याच्या मनात तेवढेच आणि तसेच उतरविण्यावर अवलंबून आहे, असा व्यासांचा निवाडा दिसतो. इटलीत लाक्विला येथे ६ एप्रिल २००९ रोजी भूकंप होऊन ३०९ माणसे मेली. त्यापूर्वी काही महिने लहान धक्के बसत होते, तज्ज्ञांची बैठक भरली होती, आणि लहान धक्क्यांनी ऊर्जा निघून जात असल्यामुळे परिस्थिती अनुकूलच आहे, असे एका अधिकाऱ्याने लोकांना सांगितले होते. २०१२ साली सात जणांना सहा सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा जगभर ओरड उठली की, भूकंपाचे भाकीत केले नाही म्हणून शास्त्रज्ञांना तुरुंगात टाकले. २०१४ साली अपिलात सहा जण सुटले आणि धीर देणाऱ्या त्या अधिकाऱ्याची शिक्षा दोन वर्षांवर आली. आमच्या मते अपिलाच्या न्यायालयाने व्यासांच्याच मापाने मोजले. न जाणणे हा दोष नव्हे; जेवढे जाणले त्याहून अधिक शांतता वाटणे, हा दोष.

किल्लारीची कथा तर आमच्याच भाषेतली. १९९२ च्या पावसाळ्यापासून त्या भागात जमीन हादरत होती, लोक घाबरले होते, पुढे धक्के ओसरले आणि भीतीही ओसरली. अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून माणसे थकून झोपली असता ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगड-मातीच्या जाड भिंती त्यांच्यावर कोसळल्या, आणि आठ-दहा हजार जीव गेले. येथे हेतू येऊन गेला, साध्य आले नाही म्हणून सगळ्यांनी अनुमान फसले असे ठरविले, आणि मग साध्य आले. याच्या उलट उदाहरण ग्वादलुप बेटाचे: १९७६ साली तेथे ज्वालामुखीच्या भयाने सत्तर हजारांवर माणसे महिनोन् महिने घराबाहेर ठेवण्यात आली, मोठा उद्रेक झालाच नाही, आणि फ्रान्समधल्या दोन नामांकित शास्त्रज्ञांत त्यावरून जे भांडण लागले ते वर्षानुवर्षे मिटले नाही. पण पापुआ न्यू गिनीतल्या रबाउल या गावाचा वृत्तांत या दोहोंपेक्षा बोधप्रद आहे. तेही कॅल्डेराच्या काठावरचे गाव. १९८३ ते १९८५ या काळात तेथे भूमी अशीच फुगली, लोकांना पळण्याच्या वाटा शिकविल्या, तालमी घेतल्या, आणि काहीच झाले नाही. १९९४ च्या सप्टेंबरात मात्र जेमतेम एका दिवसाची सूचना देऊन उद्रेक झाला. तेव्हा हुकूम निघण्याची वाट न पाहता लोक दहा वर्षांपूर्वी शिकलेल्या वाटांनी रातोरात बाहेर पडले, गाव राखेखाली गेले, आणि मृतांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली. तो फुकट गेलेला इशारा दहा वर्षे लोकांच्या पायांत जिवंत होता.

तेव्हा इशारा देणाऱ्याचा धर्म आम्हाला पुष्कळसा स्पष्ट दिसतो: जेवढे ठाऊक तेवढे सांगावे, संशय लपवू नये, हसे होईल म्हणून गप्प बसू नये आणि मान मिळेल म्हणून निश्चय मिरवू नये. कोयनेच्याच पाटण तालुक्यात, चाफळला, ज्या समर्थांनी रामाची स्थापना केली, त्यांनी सावधपणाचा आणि प्रयत्नाचा उपदेश दासबोधात इतक्या वेळा केला आहे की, या बाजूची उणीव निदान आमच्या परंपरेत नाही. उणीव आहे ती दुसऱ्या बाजूची, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या धर्माची. आणि त्यातही ऐकणारे सगळे सारखे नसतात, याचा विचार आमच्या धर्मचर्चेत फारच थोडा होतो. ज्याला पगार आहे, ज्याचे घर पक्के आहे, ज्याचे नातलग दुसऱ्या शहरी आहेत, त्याला एक रात्र बाहेर काढणे ही गंमत आहे. निपाणीत घरोघरी ज्या बायका सूप मांडीवर घेऊन विड्या वळतात त्यांना मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने मिळते. रात्र मैदानात काढली आणि दुसरा दिवस झोपेत गेला, तर त्या दिवसाची भाकरी गेली. अशा एखाद्या बाईला दोनदा उठविले आणि दोन्ही वेळा काही झाले नाही, तर तिसऱ्या वेळी ती उठणार नाही, आणि तिला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. तिने आपल्या परीने अनुमानच केले आहे.

१९७० साली पोझ्झुओलीच्या रिओने तेर्रा या जुन्या वस्तीतील गरीब लोकांना सैनिक आणून घाईघाईने बाहेर काढले. त्यांना पुन्हा तेथे राहावयास कधीच मिळाले नाही, आणि भूमीपेक्षा भूखंडाचेच निमित्त मोठे होते, हा संशय त्या शहरात अजून गेलेला नाही. इशाऱ्यावरचा विश्वास असा खर्चून टाकला म्हणजे तो यंत्रांनी भरून येत नाही. कऱ्हाडच्या प्रयोगशाळेने किंवा आणखी कोणी उद्या एखाद्या रात्रीपुरती सूचना दिली, पाटणच्या किंवा शिराळ्याच्या गावांतून माणसे उघड्यावर आली, आणि पहाटेपर्यंत एक कौलही खाली पडले नाही, तर त्या रात्रीची भरपाई कोणी द्यावी? आमच्याकडे मदत मिळते ती नुकसानीच्या पंचनाम्यावर. भिंत पडली असेल तर तलाठी येतो, मोजतो, लिहितो. ज्या रात्री काहीच पडले नाही त्या रात्रीसाठी त्याच्या कागदात रकाना नाही. तो रकाना घालणे हे मामलेदाराच्या अखत्यारातले काम नव्हे, त्यासाठी सरकारी खजिन्याला न घडलेल्या आपत्तीवर पैसा खर्च करण्याची तयारी दाखवावी लागेल, आणि लेखापरीक्षक त्यावर आक्षेप घेईल. तरीही एका दिवसाची मजुरी दुसऱ्या दिवशी हातावर पडली, तर ती विडीवाली बाई तिसऱ्या रात्रीही मुलांना उठवून बाहेर येईल.